कोळसा मजुराच्या लेकीचं वावर

लग्न होऊन माजरीला आले, तेव्हा रेल्वेतून उतरल्या उतरल्या मला लांबवर डोंगरांची रांग दिसली. मी यांना विचारलं, "इथं किल्ला आहे का हो?" हे हसले. म्हणाले, "किल्ला नाही, ओबी आहे." कोळसा काढायच्या आधी त्याच्यावरची माती, मुरूम, दगड उकरून बाजूला टाकतात, त्याचे हे ढिगारे. साहेब लोक ओबी म्हणतात म्हणून आपणही ओबीच म्हणतो. आता इतकी वर्षं झाली, ते डोंगर मला घरचेच वाटतात. जुन्या ढिगाऱ्यांवर बाभळी वाढल्या, पावसाळ्यात गवत येतं, बकऱ्या चरतात. आणि रविवारी दुपारी पोरं मोटारसायकली घेऊन चढतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात ओबी नसेल, पण नदीचा काठ असेल, मुरुमाची खदान असेल, विटाभट्टीची पडीक जागा असेल. मिसरूड फुटलं की पोरांना अशी जागा बरोबर सापडते. आमच्या शेजारणीच्या पोराला ओबी सापडली. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी बापाची गाडी घेऊन तो वर गेला आणि खाली आला तो मनगट मोडूनच. प्लॅस्टर झालं. चार दिवसांनी त्याची आई माझ्याकडे आली. "ताई, तुमचं ऐकते तो. तुम्हीच सांगा त्याला."

मी समाजकार्य करते म्हणजे सगळ्यांना सांगायचं काम माझ्याकडेच असतं. गेले, बसले, सांगितलं. ओबीची माती भुसभुशीत असते, वरून दिसत नाही पण आतून खचते, हे सांगितलं. झारखंडात लालमटियाच्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला असाच मातीचा कडा ढासळला आणि २३ माणसं गेली, तेही सांगितलं. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "काकू, मग कुठी चालवू?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. "मोठा झाल्यावर चालव" असं काहीतरी पुटपुटून मी घरी आले.

दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा आला होता. तो पुण्याला नोकरी करतो, त्याला गाड्यांचं भारी वेड. शेजारच्या पोराची आणि त्याची लगेच गट्टी जमली. दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मी फराळाच्या ताटल्या घेऊन गेले तर पडद्यावर चिखलात माखलेल्या गाड्या हवेत उडत होत्या. मी म्हटलं, "हे काय नवीन?" भाचा म्हणाला, "मावशी, ही मोटोक्रॉस. अमेरिकेतलं फार मोठं मैदान आहे हे. आणि ज्या बाईच्या जमिनीवर आहे ना, ती कोळशाच्या खाणीतल्या मजुराची पोरगी होती."

ताटल्या तिथंच ठेवून मी खाली बसले.

मोटोक्रॉस म्हणजे डांबरी सडकेवरची शर्यत नव्हे. माती, चिखल, चढ, उतार, उंचवटे, वळणं अशा वाटेवरून मोटारसायकल पळवायची. इंग्लंडमध्ये कँबर्ली नावाच्या गावाजवळच्या माळावर २९ मार्च १९२४ ला अशी पहिली शर्यत झाली, असं मानतात. पुढे फ्रेंच लोकांनी मोटारसायकल आणि क्रॉस कंट्री हे दोन शब्द जोडून त्याला आजचं नाव दिलं. हा खेळ मुळातच पडीक जागेवरचा. युरोप-अमेरिकेत जुन्या खदानी, वाळूचे खड्डे, असल्या जागांवर त्याची मैदानं झाली. म्हणजे आमचं पोरगं ओबीवर जातं त्यात जगावेगळं काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि ती बाई? तिचं नाव लोरेटा लिन.

अमेरिकेत केंटकी नावाचं राज्य आहे, कोळशासाठी प्रसिद्ध. तिथल्या व्हॅन लिअर या खाणगावाजवळ डोंगराच्या कुशीत बुचर हॉलो नावाची वस्ती. तिथं १४ एप्रिल १९३२ ला लोरेटाचा जन्म झाला. आठ भावंडं, ही दुसरी. वडील खाणीत मजूर, शिवाय थोडीफार शेती. घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ होता आणि त्यावर शनिवारी रात्री गाण्याचा कार्यक्रम ऐकायचा, एवढीच काय ती चैन. वडिलांच्या फुफ्फुसात कोळशाची भुकटी गेलेली. तिकडे त्या आजाराला काळं फुफ्फुस म्हणतात. आपल्या कॉलनीतल्या म्हाताऱ्यांचा रात्रीचा खोकला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. १९५९ मध्ये ते वारले.

जानेवारी १९४८ मध्ये लोरेटाचं लग्न झालं, तेव्हा तिचं वय होतं पंधरा. गंमत अशी की आयुष्यभर तिनं तेरा सांगितलं. २०१२ मध्ये कुणीतरी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा खरं वय उघड झालं. बायका वय चोरतात म्हणून आपल्याला हसतात, इथं तर एवढी मोठी गायिकाही त्यातलीच निघाली. पण पंधरा काय आणि तेरा काय, दोन्ही वयं बाहुलीशी खेळायचीच. मी खेड्यापाड्यांत बालविवाहाच्या विषयावर बैठका घेते, त्यामुळे हे वाचताना माझ्या डोळ्यापुढे कितीतरी चेहरे आले. लोरेटाला नवऱ्यानं दूर वॉशिंग्टन राज्यात नेलं. तो जंगलातल्या लाकूडतोडीच्या कामावर. विसाव्या वर्षाच्या आत पदरात चार मुलं. पुढे आणखी दोन जुळ्या मुली झाल्या.

नवऱ्याचं नाव ऑलिव्हर, पण सगळे त्याला डूलिटल म्हणत. माणूस काही सरळ नव्हता. दारू, बाहेरच्या भानगडी, सगळं होतं, आणि लोरेटानं ते कधी झाकून ठेवलं नाही. पण याच माणसानं १९५३ मध्ये तिला १७ डॉलरची गिटार आणून दिली. बायको घरात काम करताना गुणगुणते, तिचा आवाज चांगला आहे, हे त्यानं ओळखलं आणि तिला गायला भाग पाडलं. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. ती पेटीत भरून दोघं नवरा-बायको मोटारीनं गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर गेले आणि "आमचं गाणं वाजवा" म्हणून विनवत फिरले. अशा नवऱ्याला चांगलं म्हणावं की वाईट, हे मी अजून ठरवू शकले नाही. त्या दोघांचा संसार १९९६ मध्ये तो जाईपर्यंत टिकला.

पुढे ती फार मोठी झाली. गाणी स्वतः लिहायची, आणि ती घरातल्या बाईची असायची. पिऊन घरी येणारा नवरा, पाठोपाठची बाळंतपणं, दुसरी बाई. १९७५ मध्ये तिनं गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, तर कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं. १९७२ मध्ये त्यांच्या लोकसंगीताच्या संघटनेचा वर्षातला सर्वांत मोठा कलावंत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१३ मध्ये अध्यक्षांच्या हस्ते त्या देशातला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९७० मधल्या तिच्या एका गाण्याचं नाव 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे कोळसा मजुराची लेक. त्याच नावाचं तिचं आत्मचरित्र १९७६ ला आलं आणि १९८० ला सिनेमा. त्या सिनेमात तिचं काम करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं.

आता वावराकडे येते. १९६६ मध्ये लोरेटा आणि डूलिटल घर शोधत फिरत होते. टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरापासून शंभरेक किलोमीटरवर हरिकेन मिल्स नावाचं जुनं गाव. तिथं पांढऱ्या खांबांचा मोठा वाडा तिच्या नजरेला पडला आणि मनात भरला. वाड्यासोबत आजूबाजूची जमीन आणि ओढ्याकाठची जुनी गिरणी असं अख्खं गावच त्यांनी घेतलं. हळूहळू ते सुमारे ३,५०० एकर झालं. तिकडे याला रँच म्हणतात, म्हणजे गुरं-घोडे पाळायचं मोठं रान. आपल्याकडे बाईच्या नावानं सातबाऱ्यावर दोन एकर चढवायचे तर भावाभावांत भांडणं लागतात. वडिलांनी दिवसभर दुसऱ्याच्या खाणीत घाम गाळला आणि लेकीच्या नावानं गाव झालं. मला तर यातच सगळी कथा आली असं वाटलं.

लोक तिचं घर बघायला यायला लागले म्हणून तिथं तंबू ठोकायची, गाड्या लावून मुक्काम करायची सोय झाली. पुढे तिनं त्या रानात आपल्या लहानपणीच्या लाकडी घराची हुबेहूब प्रतिकृती उभी केली.

आणि १९८२ मध्ये तिथं मोटारसायकली आल्या.

वेस्ट व्हर्जिनियात डेव्ह कूम्ब्स नावाचे गृहस्थ मोटोक्रॉसच्या शर्यती भरवायचे. वेस्ट व्हर्जिनिया हेही कोळशाचंच राज्य, बरं का. नवशिक्या, हौशी खेळाडूंसाठी, म्हणजे अजून कंपनीचा पगार सुरू न झालेल्या पोरांसाठी राष्ट्रीय स्पर्धा हवी होती, पण ती घ्यायची कुठं? ज्या गावच्या मैदानावर घ्यावी, त्या गावच्या पोरांना फायदा. त्यांना तिथला प्रत्येक खड्डा पाठ असतो. तेव्हा अशी जागा हवी, जिथं कुणीच सराव केलेला नाही. शिवाय हजारो माणसं आठवडाभर राहू शकतील, पाणी असेल, सावली असेल. लोरेटाच्या रानात हे सगळं होतं. ओढ्याकाठच्या सपाट शेतात माती ओढून वाट तयार केली आणि ऑगस्टमध्ये पहिली स्पर्धा झाली.

ती पद्धत आजही तशीच आहे. त्या वाटेवर वर्षभर कुणाला सराव करू देत नाहीत. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला एकच आठवडा गाड्या चालतात, मग पुन्हा शांतता. कोट्यधीशाचा मुलगा असो की गॅरेजवाल्याचा, ती माती सगळ्यांना सारखीच अनोळखी. हे मला फार आवडलं. परीक्षेचा पेपर फुटू नये म्हणून आपण इतका आटापिटा करतो, यांनी पेपरच कुलपात ठेवला आहे.

तिथं पोहोचणं मात्र सोपं नाही. आधी विभागाच्या चाचण्या, मग त्याहून मोठ्या प्रांताच्या चाचण्या. हजारो पोरं प्रयत्न करतात आणि एकेका गटात शेवटी ४२ जण सुटण्याच्या रांगेत उभे राहतात. प्रत्येकानं आठवड्यात तीन शर्यती खेळायच्या, तिन्हींचे क्रमांक मिळून निकाल. एकदा नशिबानं जिंकलं आणि पदक घेऊन गेलं, असं होत नाही. गट किती तऱ्हेचे! चार ते सहा वर्षांच्या लेकरांचा, मुलींचा, बायकांचा, चाळिशी उलटलेल्यांचा, पन्नाशी उलटलेल्यांचा. वाटेवर ओळीनं दहा उंचवटे आहेत, त्यांना बायबलमधल्या दहा आज्ञांचं नाव दिलं आहे. एक आज्ञा मोडली की पुढच्या नऊ तुम्हाला मोडतात, असं भाचा म्हणाला. त्याचा विनोद आहे, मी फक्त पोहोचवते.

मला खरी मजा वाटली ती मैदानाबाहेरची. देशाच्या चारी कोपऱ्यांतून कुटुंबं येतात, आजी-आजोबांसकट. तंबू, चुली, दोरीवर वाळणारे कपडे. शर्यत संपली की पोरं चिखलासकट ओढ्यात उड्या मारतात. आपल्याकडे झाडीपट्टीत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असतं ना, अगदी तसंच मला ते दिसलं. पटाच्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात, सोयरिकीही जुळतात. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबले होते, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, तेव्हा कितीतरी गावांत पुन्हा मांडव पडले. बैलांच्या हालांविषयी माझं मन अजून पूर्ण निवलेलं नाही, तो विषय वेगळा. पण पटाला जाणारा माणूस फक्त शर्यत बघायला जात नाही, हे खरं.

आणि त्या स्पर्धेला लोक काय म्हणतात माहीत आहे? नाव लांबलचक आहे, पण पोरं एवढंच म्हणतात, "यंदा लोरेटाकडे जायचं." जसं आपण म्हणतो, उन्हाळ्यात मामाकडे जायचं.

या रानातून पुढे गेलेल्या खेळाडूंची यादी मोठी आहे. रिकी कारमायकल हा या खेळातला सर्वांत थोर समजला जातो. त्याच्या कथेत मला त्याची आई भेटली. जीनी तिचं नाव. सराव करून घेण्यात ती बापाहून कडक होती. जेम्स स्टुअर्ट, गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या या खेळात शिखरावर पोचलेला पहिला कृष्णवर्णीय, तोही इथलाच.

पण माझ्या मनात राहिली ती ॲशली फियोलेक. १९९० चा तिचा जन्म. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. आता मोटारसायकल चालवणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलतो, मागून कोण आलं तेही कानानं ओळखतो. ही काय करते? गाडीची थरथर हातापायांना जाणवते, त्यावरून गिअर ओळखते. मागून कुणी आलं की जमिनीवरची सावली बघते. हीसुद्धा लोरेटाच्या मातीत खेळून वर आली, चार वेळा अमेरिकेची महिला विजेती झाली आणि २००९ मध्ये होंडा कंपनीच्या अमेरिकेतल्या मुख्य चमूत घेतलेली पहिली बाई ठरली. आमच्या भागात मूकबधिर मुलीच्या आईला लोक अजून विचारतात, "हिचं पुढं कसं होणार?" मी ॲशलीचा व्हिडिओ अशा एका आईला दाखवला. तिनं दोनदा बघितला, काही बोलली नाही, मग म्हणाली, "हिच्या आईला भीती नसन वाटत काय?"

भीतीचं मी नंतर बोलते. आधी आणखी एका बाईचं सांगते. डेव्ह कूम्ब्स १९९८ मध्ये वारले. एवढा मोठा पसारा, आता बंद पडणार असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांची पत्नी रिटा आणि मुलांनी तो धरून ठेवला. म्हणजे जमीन एका बाईची आणि कारभारात दुसरी बाई, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा पुरुषांचा खेळ.

आता भीती. मला या सगळ्यातलं सगळंच पटलं असं समजू नका. चार वर्षांच्या लेकराला मोटारसायकलवर बसवणं माझ्या मनाला पटत नाही. भाचा सांगतो की गाडी अगदी छोटी असते, हेल्मेट, छातीला कवच, गुडघ्यापर्यंत बूट घातल्याशिवाय वाटेवर सोडत नाहीत, जागोजागी झेंडे घेऊन माणसं उभी असतात, रुग्णवाहिका तयार असते. असेल. पण हाडं तिथंही मोडतात. आणि काही आईबाप पोरांची शाळा सोडवून घरीच शिकवतात, कशासाठी, तर दिवसभर सराव करता यावा म्हणून. घर गहाण ठेवून गाड्या घेणारेही आहेत म्हणे. आपल्याकडे लातूर-नागपूरला शिकवणीसाठी खोली करून राहणारे आईबाप आठवले. पोराचं स्वप्न कुठं संपतं आणि बापाचं कुठं सुरू होतं, ते तिथंही कुणाला सांगता येत नसेल.

तरी एक फरक माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं पोरगं पडलं तर दोन मिनिटांत माणूस पोचतो. आमचं पोरगं ओबीवर पडलं तेव्हा मित्रांनी त्याला दोघांच्या मध्ये बसवून, मोडका हात रुमालात बांधून, तिघं एका गाडीवर दवाखान्यात आणलं. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नव्हतं.

त्या रानावर संकटंही आली. १९८४ मध्ये लोरेटाचा मोठा मुलगा घोड्यावरून नदी ओलांडताना तिथंच बुडाला. मग २१ ऑगस्ट २०२१. स्पर्धा संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. त्या परिसरात २० माणसं गेली. रानाची देखरेख करणारा लोरेटाचा जुना माणूस जनावरं बघायला गेला आणि वाहून गेला. पुढच्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या वर्धा नदीनंही काठाकाठानं गावं बुडवली, तेव्हा मदतीच्या चादरी वाटताना मी ओट्यांवरचा गाळ बघितला आहे. पाण्यानंतर राहतो तो चिखलच, कुठंही. तिकडे मैदान पुन्हा बांधलं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पोरं परत आली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला लोरेटा गेली, नव्वद वर्षांची होऊन, त्याच घरात, झोपेत. तिला त्याच रानात नवऱ्याच्या शेजारी पुरलं. शर्यती तिच्यानंतरही भरत राहिल्या.

आपल्याकडे काय आहे, असंही मी भाच्याला विचारलं. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात बाहेरून माती आणून वाट केली आणि देशी-विदेशी खेळाडूंची सुपरक्रॉसची लीग सुरू झाली. स्टेडियममध्ये माती ओतून शर्यत लावायची ही युक्ती १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गाजली होती, आपल्याकडे ती आता जोर धरते आहे. आणि बेंगळुरूची ऐश्वर्या पिसे ही मुलगी २०१९ मध्ये वाळवंटातल्या, मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकून आली. पुणे आणि बेंगळुरू. माजरीहून पुण्याला जायचं म्हणजे एक अख्खा दिवस किंवा रात्र गाडीत जाते, आणि तिकीट काढून बघायचं, खेळायचं नाही.

म्हणून आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. वेकोलिनं सावनेरला खाणीच्या जागेत बाग केली आहे, लोक तिकीट काढून ती बाग आणि खाण बघायला जातात. आता खाणीच्या जागेवर बाग होऊ शकते, तर जुन्या, बसलेल्या, सपाट केलेल्या जागेचा एक तुकडा पोरांच्या खेळासाठी मागायला काय हरकत आहे? गाड्यांसाठीच असं नाही, सायकलींची वाट असली तरी चालेल. एकजण म्हणाली, "मोटारसायकलचं नाव काढूच नका, उद्या पोरगं मेलं तर आपल्या माथी." दुसरी म्हणाली, "आत्ता मेलं तर कोणाच्या माथी?" तासभर वाद झाला. अर्ज लिहायचा ठरलं, मोटारसायकल हा शब्द घालायचा की नाही यावर गाडी अडली आहे. माझ्या मते घालावा. खोटं कशाला लिहायचं?

दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रात्री भाच्यानं लॅपटॉपवर तो सिनेमा लावला. शेजारीण, तिचा नवरा, पोरगं, सगळे आमच्याकडे. इंग्रजी कुणाला फारसं कळत नव्हतं, भाचा मध्येमध्ये थांबवून सांगत होता. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. खाणीच्या बाहेर काळ्या मातीचा उंच ढिगारा, आणि तरुण डूलिटल पैज लावतो की मी माझी जीप यावरून चढवून दाखवतो. सगळं गाव जमतं. जीप धुरळा उडवत वर जाते, घसरते, पुन्हा जाते.

पोरगं पुढे सरकलं. त्याचा बाप खाणीत डंपर चालवतो. ओबीवर गाडी चढवली म्हणून सहा महिने पोराशी धड न बोललेला तो माणूसही भिंतीला टेकलेला होता, तो सरळ बसला.

"गिअर चुकला त्याचा," तो म्हणाला. "असा चढ पहिल्यावरच घ्या लागते. मधात बदलला का गाडी मागं येते."

पोरानं बापाकडे पाहिलं. "मी मधातच बदलला होता, बाबा."